इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने प्रोग्रॅमिंग शिकावे काय?



आजचा विषय संयोजकांनी प्रश्नचिन्हासकट दिला आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याने प्रोग्रॅमिंग शिकायलाच हवे का? सभागृहात शिरताना दारातच दोन मते कानावर आली. एक गृहस्थ म्हणत होते, "अहो, कोडिंग येत नसेल तर हल्ली नोकरी देतो कोण?" त्यांच्या शेजारी एक प्राध्यापक असावेत, ते म्हणाले, "कोडिंगच करायचं होतं तर कॉम्प्युटरला ॲडमिशन घ्यायची. आमच्या ब्रांचला आलात कशाला?" ही दोन्ही मते आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहोत. माणसे बदलली, वाक्ये तीच आहेत. आज या दोन्ही मतांची जरा झडती घ्यायची आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. शिकावे लागेल. पण जे शिकवले जाते ते नव्हे, आणि ज्या कारणासाठी शिका म्हणून सांगतात त्या कारणासाठीही नव्हे.

सुरुवात त्या प्राध्यापकांच्या बाजूने करू. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. इलेक्ट्रॉनिक्स हा विषय आधीच पोटात मावत नाही एवढा मोठा आहे. ॲनालॉग सर्किटे, संदेशवहन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, अँटेना, कंट्रोल सिस्टीम, सिग्नल प्रोसेसिंग. वर्षे मात्र चारच. त्यात एक भाषा घुसवली की दुसरे काही तरी बाहेर पडते, आणि बाहेर पडते ते बहुधा प्रयोगशाळेतले तास. मुलगा पायथॉनमध्ये आलेख सुंदर काढतो, पण ऑसिलोस्कोपचा प्रोब एक पटीवर आहे की दहा पटीवर हे बघायचे त्याला सुचत नाही. मग मोजमाप दहापट चुकते आणि आलेख चुकीच्या मोजमापाचाच सुंदर निघतो. शिवाय संगणकावर भिस्त ठेवण्याबद्दल आपल्या व्यवसायातल्या थोरामोठ्यांनीही नाक मुरडलेले आहे. ॲनालॉग सर्किटांतले नावाजलेले अमेरिकन अभियंता बॉब पीझ हे स्पाइससारख्या सिम्युलेशनवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवत. सर्किट जोडा, मोजा, मग बोला, असा त्यांचा खाक्या. आम्हालाही तो मनापासून पटतो.

तर हा पक्ष असा भक्कम आहे. आमचाही एके काळी हाच पक्ष होता. तो सोडावा लागला तो एका मोटरीमुळे. ती गोष्ट सांगतो, कारण आजच्या विषयाचे मर्म आम्हाला पुस्तकात सापडले नाही, तिथे सापडले.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांसाठी आम्ही विहिरीवरच्या पंपाचे स्वयंचलित स्टार्टर बनवून दिले होते. शेतीची थ्री-फेज वीज तेव्हा पाळीपाळीने यायची, हे तुम्हाला माहीत आहेच. आठवड्यातले काही दिवस ती रात्रीच यायची. वीज आली की कुणीतरी अंधारात, साप-विंचवातून, थंडीतून विहिरीवर जायचे आणि बटण दाबायचे. ते जाणे वाचावे म्हणून हा स्टार्टर. काम सोपे: तिन्ही फेज आल्या का बघ, दहा सेकंद थांब, रिले ओढ. रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा, मोटर सुरू. सर्किट आम्ही केले. मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम एका हुशार तरुणाने लिहिला. त्याने आमच्या सर्किटात लक्ष घातले नाही, आम्ही त्याच्या प्रोग्रॅममध्ये घातले नाही. ज्याचे काम त्याने करावे, असे तेव्हा आम्हाला शहाणपणाचे वाटे.

टेबलावर सगळे चालले. दहा स्टार्टर बसवले, नऊ चालले. दहाव्या शेतकऱ्याचा सकाळी फोन आला, "साहेब, रातभर नुसतं खट-खट, खट-खट चाललं व्हतं. आता मोटर जळाल्याचा वास येतोय." गेलो. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळून गेली होती. रिवायंडिंगचा खर्च आला तो आलाच, पण वाफ्यात कांदा होता आणि पाण्याची पाळी गेली.

झाले होते ते असे. ही विहीर ट्रान्सफॉर्मरपासून सगळ्यात लांब. एवढी मोटर चालताना साधारण ११ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट खेचते. लांबच्या तारेवर एवढा प्रवाह गेला की व्होल्टेज कोसळते. आमच्या सर्किटचा ५ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेवरून घेतलेला होता, तोही कोसळला. मायक्रोकंट्रोलर रिसेट झाला. रिसेट झाला म्हणून रिले सुटला, कॉन्टॅक्टर सुटला, मोटर थांबली. मोटर थांबली म्हणून व्होल्टेज पूर्ववत झाले. आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू झाला: तिन्ही फेज आल्या का बघ. आल्या. दहा सेकंद थांब. रिले ओढ. खट! रात्रभर दर दहा-बारा सेकंदांनी मोटरीला सहापट प्रवाहाचा धक्का. ओव्हरलोड रिलेने हे थांबवायला हवे होते, पण सारखा ट्रिप होतो म्हणून तो कुणीतरी कमाल आकड्यावर नेऊन ठेवला होता. गावोगाव तसा ठेवलेला असतो.

आता सांगा, चूक कुणाची?

आम्ही त्या तरुणाला म्हणालो, तुझा प्रोग्रॅम. तो म्हणाला, तुमचा पॉवर सप्लाय. भांडण चांगले तासभर चालले आणि दोघेही खरे बोलत होतो. पुरवठ्याला मोठा कपॅसिटर हवा होता, ही आमची चूक. आणि रिसेट झाल्यावर, 'आपण नुकताच प्रयत्न करून पडलो आहोत' ही आठवण प्रोग्रॅमला नव्हती, ही त्याची चूक. पुढे आम्ही दोन्ही दुरुस्त केले. पुरवठा सावरला, आणि दर प्रयत्नाची नोंद ईईप्रॉममध्ये ठेवायला लावली. तीन प्रयत्न फसले की लाल दिवा लाव आणि गप्प बस.

पण आमच्या मनाला लागले ते वेगळेच. तो प्रोग्रॅम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. कामाच्या ओळी असतील तीस-चाळीस. 'वीज आहे, थांब, रिले ओढ' हे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. मोटर सुरू होताना काय होते हे ज्याला माहीत आहे, त्याने त्या चार ओळी वाचल्या असत्या तर तिथेच थबकला असता: बाबा रे, मध्येच रिसेट झाला तर? त्या तरुणाला ते दिसणे शक्य नव्हते, त्याने मोटर सुरू होताना दिवे मंद झालेले कधी पाहिले नव्हते. आम्हाला दिसले असते, पण आम्ही वाचलेच नाही. कारण काय, तर 'ते आमचे काम नाही'.

त्या प्राध्यापकांना आमचे उत्तर एवढेच आहे. प्रोग्रॅमिंग दुसऱ्या ब्रांचचा विषय आहे असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. तुमच्या सर्किटाचे वागणे जर प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असेल, तर प्रोग्रॅम न वाचता त्या सर्किटची जबाबदारी तुम्ही कशी घेणार?

आणि ही अवस्था आज आलेली नाही. थोडे मागे जाऊ. १९७१ साली इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्याची कुळकथा मोठी बोलकी आहे. बिझिकॉम नावाच्या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी खास घडवलेल्या चिप हव्या होत्या. टेड हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. प्रत्येक कामासाठी वेगळे सर्किट कशाला? एक सर्वसाधारण चिप करू आणि काय करायचे ते रॉममध्ये लिहून ठेवू. फेडेरिको फॅगिन यांनी ती कल्पना सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांत उतरवली. आपण ही गोष्ट 'पहिला मायक्रोप्रोसेसर' म्हणून सनावळीत पाठ करतो. तिचा खरा अर्थ असा, की त्या दिवशी सर्किटाचा एक भाग तांब्यातून उठून रॉममध्ये राहायला गेला. गेटांच्या जोडणीत जे असायचे ते ओळींच्या क्रमात आले. म्हणजे घर बदलले, पण काम तेच राहिले. मग ज्याने ते सर्किट केले असते, त्यालाच त्या ओळी परक्या का वाटाव्यात?

परक्या वाटतात, कारण आम्ही त्या तशा शिकवतो. इथे आता शिकवण्याची झडती.

पहिल्या वर्षाला सी भाषा असते. काय करायचे? मूळ संख्या शोधा, पॅलिंड्रोम ओळखा, फिबोनाचीची श्रेणी छापा. वाईट काहीच नाही. पण या सबंध वर्षात एक दिवा पेटत नाही, एक पिन हलत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला आलेल्या मुलाला वाटते, हे वेगळ्या गावचे लोक आहेत, परीक्षा झाली की संबंध संपला. मग मायक्रोप्रोसेसरचे प्रॅक्टिकल येते. किटवर हेक्स कोड दाबायचे, दोन संख्यांची बेरीज ठरावीक पत्त्यावर आली की जर्नलमध्ये लिहायचे, सही घ्यायची. इथे यंत्र आहे, पण त्याच्याकडून करून घेण्यासारखे काम नाही.

त्यानंतर येतो ८०५१. हा १९८० सालचा मायक्रोकंट्रोलर आमच्याकडे अजून ठाण मांडून आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही; शिकायला उत्तम आहे. सिरियल पोर्टचा प्रयोग घ्या. मुले लिहितात: टायमर एकच्या टीएच-१ या रजिस्टरात हेक्स एफडी भरा, ९६०० चा बॉड रेट मिळेल. व्हायवाला आम्ही एक्स्टर्नल म्हणून गेलो की हमखास दोन प्रश्न विचारतो. एफडीच का? आणि बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा एवढा विचित्र क्रिस्टल का, सरळ १२ का नाही? बहुतेक मुले गप्प. काही म्हणतात, "सर, मॅन्युअलमध्ये तसंच आहे."

उत्तर तर पाचवीच्या गणिताचे आहे. ८०५१ क्रिस्टलच्या वारंवारितेला १२ ने भागतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागले की ९,२१,६००. सिरियल पोर्ट त्याला आणखी ३२ ने भागतो: २८,८००. आणि २८,८०० ला ३ ने भागले की बरोब्बर ९,६००. टायमर वर वर मोजत जातो आणि २५६ ला उलटतो, म्हणून तीन मोजायचे तर सुरुवात २५३ पासून. २५३ म्हणजेच हेक्स एफडी. आता १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा: दहा लाख, भागिले ३२, म्हणजे ३१,२५०, भागिले ३, म्हणजे सुमारे १०,४१७. साडेआठ टक्क्यांची चूक. सिरियलमध्ये एक अक्षर दहा बिटांचे, आणि घड्याळ जुळवायचे ते फक्त पहिल्या बिटाच्या सुरुवातीला. दहाव्या बिटापर्यंत जाता जाता चूक साचत साचत अर्ध्या बिटाच्या पुढे जाते, आणि पडद्यावर कचरा उमटतो.

बघा, या एका ओळीत क्रिस्टल आहे, काउंटर आहे, संदेशवहन आहे, चूक साचणे म्हणजे काय ते आहे. ही ओळ प्रोग्रॅमिंगची की इलेक्ट्रॉनिक्सची? कॉम्प्युटरचा मुलगा ती पाठ करेल तर आम्ही समजू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने ती पाठ करावी, हे मात्र आमचे अपयश आहे, आमचे म्हणजे शिकवणाऱ्यांचे.

कुणी म्हणेल, आता जमाना आर्डुइनोचा आहे, हे जुने झाले. आर्डुइनो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावी निघाला, तो मुळात डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी. त्याने लाखो लोकांचे भले केले, भय घालवले. पण सोय म्हणून जे झाकले, ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यालाही झाकलेलेच राहिले तर पंचाईत. मागे एका विद्यार्थ्याने तापमापक केला होता. रीडिंग सारखे हलत होते. त्याने कुठेतरी वाचले की सरासरी घ्यावी, म्हणून लागोपाठ दहा रीडिंगची सरासरी घेतली. तरी हलतेच. शंभराची घेतली, हलणे कमी झाले पण गेले नाही. आम्हाला विचारले, "सर, कोडमध्ये काय चुकलं?"

कोडमध्ये व्याकरण म्हणून काहीच चुकले नव्हते. त्याच्या लांब वायरवर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. त्या बोर्डावर एक रीडिंग साधारण १०० मायक्रोसेकंदांत होते. दहा रीडिंग म्हणजे एक मिलिसेकंद. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. म्हणजे तो लाटेच्या एका तुकड्याची सरासरी काढत होता. कधी चढाची, कधी उताराची. शंभर रीडिंगची झाली अर्धी लाट. आम्ही म्हणालो, रीडिंग शंभरच घे, पण २०० मायक्रोसेकंदांच्या अंतराने घे. पूर्ण एक लाट बसली, चढ-उतार एकमेकांत फिटले, आकडा स्थिर. चांगले डिजिटल मल्टिमीटर मोजण्याचा कालावधी विजेच्या लाटेच्या पूर्ण पटीत ठेवतात, ते याचसाठी. तर हा 'फॉर लूप' नव्हता, हा फिल्टर होता. लूप कुणालाही लिहिता येईल. तो किती वेळ चालायला हवा, हे सांगणे इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचे काम, आणि ते सांगायचे तर लूप वाचता यायला हवा.

इथपर्यंत प्राध्यापक महाशयांची झडती झाली. आता दारातल्या दुसऱ्या गृहस्थांकडे वळू, जे म्हणतात कोडिंग आले की बाकी सगळे आले. त्यांच्यासाठी थेरॅक-२५ ची हकीकत.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्राने सहा रुग्णांना बेसुमार किरणमात्रा दिली. त्यातल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली त्याची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली, ती प्रत्येक अभियंत्याने वाचावी अशी आहे. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात धोक्याच्या वेळी किरण अडवणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलुपे होती. नव्या यंत्रात त्यातली बरीच कुलुपे काढली आणि ते काम सॉफ्टवेअरवर सोपवले. नंतर उघड झाले, की त्यातला एक दोष जुन्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही होताच. पण तिथे कुलूप आडवे यायचे, फार तर फ्यूज उडायचा. दोष तोच, पण एका यंत्रात फ्यूज गेला आणि दुसऱ्यात माणूस गेला.

दोष कसले होते? एक तर असा, की यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. अनुभवी ऑपरेटरने तेवढ्या अवधीत पडद्यावरची नोंद झटपट दुरुस्त केली, तर प्रोग्रॅमच्या एका भागाला बदल कळे, दुसऱ्याला कळत नसे. दुसरा दोष आठ बिटांचा. एक चल दर फेरीला एकाने वाढे. शून्य नसेल तर तपासणी करायची, शून्य असेल तर सोडून द्यायची. आठ बिटांत २५५ च्या पुढे काय येते? शून्य. म्हणजे दर २५६ व्या फेरीला तपासणी गळायची, आणि नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबले. काउंटर उलटतो हे आपल्या ब्रांचचा मुलगा दुसऱ्या वर्षी फ्लिप-फ्लॉप जोडून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तीच गोष्ट प्रोग्रॅमच्या ओळीत आली की त्याला ओळखू येत नाही, कारण ती ओळ वाचणे त्याचे काम नसते.

थेरॅकवरून दोन धडे मिळतात. कोड लिहिता येतो म्हणून कुलूप काढून टाकू नये, हा कोडवाल्यांना. आणि आपले कुलूप काढून त्याजागी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये, हा आपल्याला.

"आम्ही तर चिप डिझाइनला जाणार, आम्हाला प्रोग्रॅमशी काय देणेघेणे?" असे म्हणणारेही असतात. त्यांनी पेंटियमचे प्रकरण आठवावे. १९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले, की पेंटियम काही भागाकार किंचित चुकवतो. भागाकारासाठी चिपमध्ये १,०६६ नोंदींचा एक तक्ता होता, त्यातल्या काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. का गाळल्या गेल्या? तक्ता चिपच्या रचनेत उतरवण्यासाठी जी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, तिच्यात चूक होती, असा इंटेलचा खुलासा होता. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या खुलाशाप्रमाणे सिलिकॉन निर्दोष, गणिती पद्धत निर्दोष. चुकली ती मधली स्क्रिप्ट, जिला कुणी 'डिझाइन' म्हणत नाही. आणि व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉगमध्ये काम करणाऱ्याचे तर सगळे सर्किटच ओळींनी लिहिलेले असते. त्या ओळी एकामागून एक चालत नाहीत, एकाच वेळी जिवंत असतात, हे कळायला आधी साधा प्रोग्रॅम कसा चालतो ते कळलेले बरे.

मग इलेक्ट्रॉनिक्स हळूहळू सगळे सॉफ्टवेअर होणार का? यावर आमच्या त्या जळालेल्या मोटरीच्या तालुक्यातच एक उत्तर उभे आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्रत्येक जोडीचे संदेश एकमेकांशी गुणून बेरीज करायची, या कामाला कोरिलेशन म्हणतात. सुरुवातीला हे काम त्यासाठीच खास बांधलेले हार्डवेअर करी. पुढे तिथल्याच मंडळींनी ते नेहमीच्या संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरने, त्या त्या क्षणी करून दाखवले. २०१० साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर एफपीजीए आणि ग्राफिक्स प्रोसेसर आले. म्हणजे कोरिलेटर तांब्यातून कोडमध्ये गेला.

पण तबकडीच्या नाभीशी बसवलेला पहिला ॲम्प्लिफायर कोडमध्ये गेला का? नाही. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की त्या पहिल्या ॲम्प्लिफायरने स्वतःचा गोंगाट जास्त मिसळला तर पुढे कितीही गुणाकार करा, वेधाची धार गेली ती गेलीच. तिथे ट्रान्झिस्टरच जाणावा लागतो. आणि पुढच्या टोकाला गुणाकार आणि बेरीज जाणावी लागते. एकाच दुर्बिणीच्या दोन टोकांची ही गरज आहे. दोन्ही टोके एकाच माणसाने बांधावीत असे कुणी म्हणत नाही. पण एका टोकाला जे ठरते त्याचे दुसऱ्या टोकाला काय होते, ते त्याला वाचता यायला हवे.

आता नेमके शिकायचे काय, ते सांगून आवरते घेतो. आम्ही चार गोष्टी मागतो. पहिली, संख्या मेमरीत कशी राहते: किती बिट, चिन्हासकट की चिन्हाविना, कुठे उलटते. दुसरी, वेळ: कुठली ओळ किती वेळ घेते, इंटरप्ट मध्येच आला तर काय बिघडते. सी मधला व्होलाटाइल हा शब्द का लागतो, हे ज्याला इंटरप्टच्या अनुभवातून कळले त्याला ही दुसरी गोष्ट आली असे समजावे. तिसरी, अवस्था: वीज गेली, आली, अर्धवट आली, तर प्रोग्रॅम कुठून उठतो आणि त्याला काय आठवते. चौथी, दुसऱ्याचे दोनशे ओळींचे लिखाण डेटाशीट शेजारी ठेवून वाचणे. याच्या जोडीला हजार रीडिंग गोळा करून त्यांचा आलेख काढण्यापुरते पायथॉन. वेबसाइट, ॲप, स्पर्धांतली कोडी, हे ज्याला आवडते त्याने जरूर करावे. पण ते आले नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने स्वतःला कमी समजू नये, आणि ते आले म्हणून वरच्या चार गोष्टी आल्या असेही समजू नये.

मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आता कोड तर एआयच लिहून देतो. मग शिकायचं कशाला?" प्रश्न चांगला आहे. तिला आम्ही म्हणालो, आमच्या स्टार्टरचा प्रोग्रॅमही आम्ही लिहिला नव्हता. दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला होता, नीटनेटका होता, टेबलावर चाललाही. लिहिणारा माणूस होता की यंत्र, याने त्या मोटरीला काय फरक पडला असता? 'मध्येच व्होल्टेज पडलं तर?' हे त्याला विचारायला कुणीतरी हवे होते. ते विचारणे आमचे काम होते आणि आम्ही ते केले नाही.

जाता जाता विद्यार्थी मित्रांना एक काम. कॉलेजच्या ८०५१ च्या बोर्डावर एफडी तसाच ठेवा, क्रिस्टल तेवढा काढून १२ मेगाहर्ट्झचा लावा, आणि ९६०० वर काय उमटते ते बघा. मग आकडेमोड करून, १२ मेगाहर्ट्झवरसुद्धा नीट चालेल असा बॉड रेट स्वतः शोधून काढा. तो आहे. मॅन्युअल न उघडता सापडला, तर आजच्या विषयाचे तुमचे उत्तर तुम्हाला मिळालेले असेल.